अर्धी गाडी

एर्लिंडा माएस्तास आमच्या शाळेत स्वयंपाक करते. साठ-पासष्ट पोरांचं जेवण, रोज, एकटीने. मी त्याच शाळेत चौथीला शिकवते, आणि तिच्या नि माझ्या घराच्या मधे फक्त पाण्याचा पाट आहे. पाटावर एक फळी टाकलेली आहे, तिच्यावरून आमची ये-जा चालते. म्हणजे माझी चालायची. एर्लिंडा कधी काही मागायला फळी ओलांडून आली नाही.

हे तिने बापाकडून घेतलं होतं. डेल्फिनो माएस्तास म्हणजे आमच्या रिंकोन सेकोचा पाटकरी. तीस वर्षं त्याने या पाटाचं पाणी वाटलं. तरुणपणी तो डोंगरावरच्या लाकूडगिरणीत कामाला होता. बहात्तर साली तिथे त्याचा उजवा पाय गेला, मांडीपासून. दुसरा कुणी असता तर घरात बसला असता. डेल्फिनोने भंगारातले पाइप आणि सळया जोडून आपल्या पिकअपला एक दांडा बसवला. डाव्या हाताने पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. त्या दांड्यावर त्याने अख्खा डोंगर पालथा घातला, सरपण आणून विकलं, पाट राखला. त्याच्या हातातली पिशवी धरायला कुणी पुढे झालं तर तो नुसता बघायचा, आणि माणूस मागे सरायचा.

एर्लिंडाचा नवरा दोन लहान मुलं तिच्या पदरात टाकून डेन्व्हरला निघून गेला, तेव्हा महिनाभर गावाला पत्ताच नव्हता. तो सुटीवर गेलाय असंच ती सांगत होती. कळल्यावर लोक म्हणाले, बापाची लेक आहे.

डेल्फिनो चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फेब्रुवारीत गेला. घर आणि कुरण बायकोला, सेल्साला. पिकअप एर्लिंडाला. बासष्ट सालची शेव्हरले, एके काळची हिरवी. सतरा वर्षं ती गोठ्याशेजारी कॉटनवुडच्या झाडाखाली उभी होती. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

मार्चमध्ये एर्लिंडाने चुलतभावाला बोलावलं. फ्लॉइडचं खालच्या गावात डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. माणूस जाडा आणि तोंडाळ आहे, पण हात सोन्याचा. त्याने गाडीला एक फेरी मारली.

"एर्लिंडा, यात गाडी कमी आणि कोंबड्यांची घाण जास्त आहे."

"मग आधी घाण काढू."

"काढू म्हणजे? मी?"

"मी काढते. तू नुसतं सांग."

आणि खरंच तिनेच काढली. शाळा सुटली की ती मुलांच्या जेवणाचा एप्रन तसाच ठेवून गाडीखाली शिरायची. तिला यातलं काही येत नव्हतं. इंजिन जाम झालं होतं. फ्लॉइडने सांगितलं, सिलिंडरमध्ये तेल सोड आणि दोन आठवडे हात लावू नकोस. तिने लावला नाही. पंधराव्या दिवशी मोठा पाना घालून तिने जोर लावला, आणि ते बोटभर फिरलं. फळीपाशी उभी राहून तिने मला हाक मारली, नुसतं एवढं सांगायला, "फिरलं." हात कोपरापर्यंत काळे. एवढी मोकळी मी तिला कधी बघितली नव्हती.

सेल्सा मात्र तिकडे फिरकली नाही. एकोणऐंशी वर्षांची, ठेंगणी, ताठ बाई. कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना ती गाडीकडे पाठ करून जायची. "विकून टाक ते," एवढंच म्हणायची. "मेलेल्या माणसाची गाडी कशाला घासत बसायची?" एर्लिंडाला वाटलं, आईला दुःख होतंय, म्हणून ती बोलते. मलाही तसंच वाटलं.

जूनमध्ये भांडण झालं ते दांड्यावरून. फ्लॉइडचं म्हणणं, गाडी कंपनीतून आली तशी करायची. हा सांगाडा काढून टाकायचा. "रस्त्यावर कुणी बघितलं तर हसेल. आणि तुला दोन पाय आहेत."

"दांडा राहील."

"तू वापरणार आहेस का?"

"नाही."

"मग?"

"तो बाबांचा आहे. त्याच्याशिवाय ही गाडी म्हणजे कुणाचीही गाडी."

फ्लॉइड आठवडाभर आला नाही. मग आला, तळाचा सडलेला पत्रा कापायला. पायाखालची रबरी चटई सोलून काढली आणि तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

"एर्लिंडा, इकडे ये. हे पेडल बघ. कुठून झिजलंय?"

ॲक्सिलरेटरचं रबर उजव्या कडेने पार खाल्लं गेलं होतं, डावीकडे जवळजवळ नवं होतं. ब्रेकचंही तसंच.

"चालवणारा समोर बसतो, त्याच्या पायाने असं झिजत नाही," फ्लॉइड म्हणाला. "कुणीतरी बाजूने पाय घालत होतं. आणि हे बघ." मधल्या उंचवट्यावर लाकडाची एक पाचर दोन स्क्रूंनी बसवली होती, टाच टेकायला ठेवावी तशी. "दांडा लावल्यानंतर काकांना पेडलची गरजच नव्हती. म्हणजे हे त्याच्या आधीचं."

त्या संध्याकाळी जेवताना एर्लिंडाने आईला विचारलं. सेल्साने घास गिळला.

"बीन्समध्ये मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये गाडी चालू झाली. रंग व्हायचा होता, मागची काच यायची होती, पण इंजिन धडधडत होतं आणि ब्रेक लागत होते. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर पाटाच्या कच्च्या रस्त्यावर एक चक्कर मारायचं ठरलं. फ्लॉइड आणि मी मागे हौद्यात चढलो. एर्लिंडा चालवायला बसली.

एवढ्यात सेल्सा घरातून बाहेर आली. चर्चचे बूट तसेच, पर्स हातात. तिने उजवं दार उघडलं.

"फ्लॉइड, मला वर ढकल."

फ्लॉइडने उतरून तिला वर चढवलं. आम्हाला वाटलं ती खिडकीपाशी बसेल. ती सरकत सरकत मधोमध गेली, एर्लिंडाला चिकटली, आणि डावा पाय लांब करून तिने लेकीचा पाय ॲक्सिलरेटरवरून बाजूला सारला. टाच नेमकी त्या पाचरीवर बसली.

"आई, काय करतेस?"

"तू क्लच आणि स्टीअरिंग सांभाळ. गिअर टाकलास की सांग. तुझा बाप सांगायचा नाही, मला त्याच्या गुडघ्यावरून कळायचं. तुझं मला माहीत नाही."

एर्लिंडाने पहिला गिअर टाकला. गाडीने असा हिसका दिला की फ्लॉइड हौद्यात माझ्या अंगावर आला. इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही बंद पडलं. तिसऱ्यांदा गाडी हलली, आणि मग चालू लागली, बैलाच्या चालीने. मागची काच नसल्यामुळे आम्हाला पुढचं सगळं ऐकू येत होतं.

"हॉस्पिटलातून आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला," सेल्सा म्हणाली. ती रस्त्याकडे बघत होती. "उन्हाळाभर. एका सकाळी म्हणाला, चल. कुठे म्हणून विचारलं नाही मी. गाडीत बसलो. म्हणाला, त्याचा उजवा पाय नाही, तर माझा डावा पेडलवर घालायचा."

"किती दिवस?"

"ऑक्टोबर ते जून. सरपण आणलं, पाटावर गेलो. वर गिरणीपर्यंतसुद्धा गेलो, त्याचं कपाट रिकामं करायला."

फ्लॉइडने काचेच्या चौकटीतून डोकं आत घातलं. "काकू, मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आम्हाला वाटायचं, तुम्हाला काकांना चिकटून बसायला आवडतं. आम्ही पोरं शिट्ट्या मारायचो."

"माहीत आहे. त्यात तुझी शिट्टी सगळ्यात बेसूर." तिने मांडीवरची पर्स सरळ केली. "पाद्रीसुद्धा बोलले मला. म्हणाले, भर रस्त्यात नवऱ्याला एवढं खेटून बसणं शोभत नाही."

"मग तू काय म्हणालीस?" एर्लिंडाने विचारलं.

"म्हटलं, फादर, थंडी वाजते. मे महिना होता."

फ्लॉइड एवढा हसला की त्याला खोकला आला. एर्लिंडा हसली नाही.

"आणि मी कुठे असायचे?"

"कुठे असणार? माझ्या मांडीवर. दोन वर्षांची होतीस. झोप आली की तुझं डोकं त्याच्या दंडाला टेकायचं. मग तो गिअर न बदलता तसाच चालवायचा. इंजिन बोंब मारायचं, पण हात हलवायचा नाही."

गाडी वळणावर आली. एर्लिंडा म्हणाली, "ब्रेक," आणि सेल्साने अलगद दाबला. दोघींचं जमायला लागलं होतं.

"मग त्याने तो दांडा बनवला," सेल्सा म्हणाली. "मला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन आला. एवढा खूश. मी म्हटलं, छान झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा गेला. मी डबा भरून, कोट घालून दारात उभी होते. त्याने खिडकीतून डबा घेतला आणि गेला."

"तू सांगायचंस ना त्याला, मला यायचंय म्हणून."

"काय सांगू? लंगड्या माणसाला सांगू, की तू लंगडाच राहा?"

पाटाचं पाणी शेजारून चाललं होतं.

"त्याला वाटलं, त्याने माझी सुटका केली," सेल्सा म्हणाली. "शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं. विचारलं असतं तर गेले असते. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तसे आम्ही भांडायचो पुष्कळ, पण हे नाही कधी निघालं." तिने पाय उचलला. गाडी आपोआप हळू झाली. "मला अर्धी गाडी येते. उरलेली शिकायची राहून गेली."

एर्लिंडाने गाडी थांबवली. तिने स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत, पण खांदे हलत होते. सेल्साने पर्समधून रुमाल काढला, तिच्या हातात दिला नाही, सरळ तिचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

"पुरे. गाडी गरम होईल," ती म्हणाली.

नंतर माझ्या ओट्यावर बसून एर्लिंडा एकच वाक्य बोलली. "मी आयुष्यभर कुणाला काही मागितलं नाही, कारण बाबांनी मागितलं नव्हतं." पण बाबांनी नऊ महिने आईचा पाय मागून घेतला होता, हे तिने बोलायची गरज नव्हती.

दांड्याचं मग उलटंच झालं. सेल्सा म्हणाली, काढा तो. आता फ्लॉइडच अडून बसला. "काकू, ही काकांची कारागिरी आहे. असलं काम आता कुणाला जमत नाही."

"मग तुझ्या वर्कशॉपात टांग. या गाडीत मला तो नको."

एर्लिंडाने आईकडे बघितलं आणि पाना घेतला. चार बोल्ट होते. तीन निघाले, चौथ्याने अर्धा दिवस खाल्ला. सेल्सा शेजारी स्टुलावर बसून बॅटरीचा उजेड दाखवत होती आणि सारखी चुकीच्या ठिकाणी दाखवत होती. दांडा सुटून हातात आला तेव्हा मात्र सेल्साने तो फ्लॉइडला दिला नाही. रॉकेलच्या डब्यात बुडवून चिंधीने घासत बसली.

"बघ त्याचं वेल्डिंग," ती म्हणाली. "लाळ गळल्यासारखं. कायम असंच करायचा." आणि अंगठा त्या ओघळांवरून फिरवत राहिली.

दांडा आता तिच्या खोलीत, पलंगाशेजारी भिंतीला लावलेला आहे. त्याच्यावर ती स्वेटर टाकते.

गाडीला रंग सप्टेंबरात झाला. फ्लॉइडने ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायचं नाव काढलं, एर्लिंडाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डांबरी रस्त्यावर ती एकटी चालवते, नीट, दोन्ही पायांनी. कच्चा रस्ता लागला की थांबते, आणि सेल्सा मध्ये सरकते. क्लच शिकवू का म्हणून तिने आईला विचारून बघितलं. सेल्सा म्हणाली, या वयात नवीन काही नको, जुनं आहे तेच वापरू दे.

त्याच हिवाळ्यात एर्लिंडाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. एका दुपारी ती फळी ओलांडून माझ्या दारात आली. बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "मला आठवडाभर माणूस लागेल. आईचं जेवण बघायला, आणि मला उठवायला." ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी म्हटलं, येते की. "बरं," ती म्हणाली, आणि घाईघाईने परत गेली. फळीवरून उतरताना तिचा तोल जरा गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी मला वर, जुन्या गिरणीच्या जागेवर घेऊन गेल्या. तिथे आता काही नाही. भुशाचा एक मोठा ढीग उरलाय, काळा पडलेला, वरून गवत आलेलं. हौद्याच्या फळीवर बसून आम्ही बटाटा-अंड्याचे बुरिटो खाल्ले. कोण कुठल्या करवतीवर असायचा, कोण डब्यात काय आणायचा, सेल्सा सांगत होती. एर्लिंडा ऐकत होती, मध्येच नाव विचारत होती.

उतरताना पाऊस लागला. वायपर एकच चालत होता, उजवीकडचा. त्यामुळे एर्लिंडाला आईच्या अंगावर कलून त्या काचेतून रस्ता बघावा लागत होता. तिचा गाल आईच्या केसांना लागत होता, आणि स्टीअरिंग वाकडंच धरलं होतं.

"आई, जरा जोरात घे ना. चिखल होईल."

"घाई तुला आहे," सेल्सा म्हणाली. "पाय माझा आहे."