थोरलीच्या मापाचा ओटा

बँक आणि नगरपालिकेने भागीदारीत बांधलेल्या स्वस्त घरांच्या सोडतीत धाकट्या जावेचा नंबर लागला, थोरलीचा हुकला. तेव्हापासून थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. बँकेचे साहेब घरं बघायला आले, तेव्हा ती मुद्दाम धाकटीच्या घरात जाऊन उभी राहिली.

"एवढा उंच ओटा? भाजी काय स्टुलावर चढून चिरायची?" तिने नाक मुरडलं.

साहेबांना ते पटलं. त्यांनी तिलाच ओट्याशी उभं करून माप घेतलं आणि दुरुस्तीला जादा निधी मंजूर केला.

"जाऊबाई, तुम्ही बोललात म्हणून झालं हो!" धाकटीने कौतुकाने नवा ओटा दाखवला.

थोरलीने त्यावर हात टेकले. अगदी तिच्या मापाचा होता मेला, आणि धाकटीच्या घरात.