कोरं धोतर नेसून वणीच्या वाटेवर

पायाचं सगळे सांगतात. वहाणा नव्या नको, महिनाभर आधी त्यांना तेल पाजा, बोटांच्या बेचक्यात एरंडेल लावा. ते खरंच आहे. पण मांडीचं कोणी सांगत नाही. लाजतात. मी म्हातारा झालो, मला कसली लाज? पिंप्राळ्यातली पोरं चैत्रात वणीच्या गडावर पायी जातात. आधी माझ्याकडे येतात, "नाना, काय काय घेऊ?" मी आधी मांडीचंच सांगतो. ती हसतात. हसू द्या. तिसऱ्या दिवशी आठवण येते त्यांना माझी.

मी तिसरीपर्यंत शिकलो. हे शाळेत शिकवत नाहीत.

मी स्वतः पायी गेलो, तेव्हा आम्ही धुळ्याजवळच्या खेड्यात राहत होतो. गावात नुकतीच वीज आली होती. मी लहान असताना मला मुदतीचा ताप आला होता. वैद्यानं हात टेकले, तेव्हा मायनं सप्तशृंगीला बोलून ठेवलं, पोरगा उठला तर त्याला तुझ्या दारी पायी घेऊन येईन. मी उठलो. नवस मात्र राहून गेला. एका वर्षी पीक नाही, एका वर्षी बहिणीचं लग्न, एका वर्षी माझाच कंटाळा. मी पंचविशी ओलांडली आणि मायचे गुडघे धरायला लागले. त्या चैत्रात ती म्हणाली, "औंदा नई जमनं तर मंग कधीच जमाव नई."

नियम असा होता, की आम्ही दोघांनी सगळी वाट पायी चालायची. गावातून पायी जाणाऱ्या मेळ्यामागं सामानाची बैलगाडी असायची, म्हातारेकोतारे तिच्यात बसायचे. आम्ही बसायचं नाही. एकदा बसलो की नवस मोडला.

मी धुळ्याच्या बाजारातून नवं धोतर आणलं. दुकानदार मारवाडी, शहाणा माणूस. म्हणाला, "भाऊ, खळ फार आहे. दोनदा पाण्यातून काढा, मग नेसा." मायनंही तेच सांगितलं. मी म्हणालो, "देवीकडे धुयेल कपडा नेशीसन जाऊ का? कोरं म्हंजे कोरं." आणि दुसरं धोतर बरोबर घेतलंच नाही. ओझं कशाला?

बाकी सामान चांगलं होतं, ते आजही तसंच घ्या. फिरकीचा तांब्या, म्हणजे पाणी सांडत नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, त्या चार दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी. ऊन लागू नये म्हणून टोपीखाली कांदा. कोणी काही म्हणो, मी कांदा ठेवतो.

पहिला दिवस ऐटीत गेला. धोतर पुठ्ठ्यासारखं उभं राहायचं, चालताना करकर वाजायचं. दुसऱ्या दिवशी मालेगाव मागं पडलं आणि ऊन तापलं. घाम, खळ आणि ते जाडं कापड, तिघांनी मिळून मांड्या किसून काढल्या. मी पाय फाकवून चालायला लागलो. मेळ्यातले सगळ्यांत जुने आबा मागून येत होते. म्हणाले, "काय भाऊ, घोडं तर दिखत नई, आन् तू घोडावर बशेल शे!"

सगळे हसले. मी नाही थांबलो. थांबायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठताच येईना. धोतर मांडीला चिकटलेलं, त्यावर रक्ताचे डाग. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "गाडीमा बस. देवी समजी लेई."  माय माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होती. इतक्या वर्षांचं तिचं देणं मी त्या कोऱ्या धोतरापायी बुडवणार होतो, हे मला तिच्या त्या बघण्यावरून कळलं.

मग तिनं गाठोडं सोडलं. आतून तिचं जुनं लुगडं काढलं. डाळिंबी रंगाचं, विटलेलं, चार ठिकाणी ठिगळ, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं.

"नेस."

"हे?"

"मंग काय, चामडं सोलू देशी का?"

आडोशाला जाऊन मी कोमट पाण्यानं जखमा धुतल्या, एरंडेल चोपडलं आणि ते लुगडं धोतरासारखं कासोटा मारून नेसलो. पहिली शंभर पावलं डोळ्यांत पाणी आलं. मग चालता आलं. त्या वेळी माझ्या मिशा चांगल्या पिळदार होत्या. दुसऱ्या गावचा मेळा शेजारून जात होता. त्यातली एक बाई ओरडली, "ओ अक्का, मिशा कव्हय फुटन्यात तुले?"

मी तोंड उघडायच्या आत मायच ओरडली, "नवसनी अक्का शे ती! वाट सोडा!" आणि सगळ्या प्रवासात पहिल्यांदा हसली.

त्यानंतर आम्ही उन्हाआधी चालायचो, दुपारी आंब्याखाली पडून राहायचो. रोज तेल. घाई नाही. असे गडाच्या पायथ्याशी नांदुरीला पोचलो. तिथं आबांनी पुन्हा अडवलं. माझं धोतर वाटेत धुऊन वाळवलेलं होतं, ते पुढं करून म्हणाले, "आता तरी नेस. देवीसमोर बाईनं लुगडं बरं दिखत नई."

मी म्हणालो, "आबा, देवी काय धोतर नेसस?"

त्यांनी ते धोतर स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि पुढं निघाले.

गड चढताना मायला फार त्रास झाला. दर दहा पायऱ्यांवर बसायची. मी हात दिला तर झटकायची. ती थांबली की मी थांबायचो. वर पोचलो तेव्हा गर्दी होती. देवीपुढं उभी राहून तिनं माझा दंड धरला, मला थोडं पुढं ढकललं आणि म्हणाली, "हाऊ दख. पाये पाये उना."

हा बघ, पायी पायी आला, एवढंच बोलली. मग बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली, दोन्ही पाय लांब केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आते घर जाताना गाडीमा बसूत."