आनंदाबाईंनी तळ ढवळू दिला नाही

लाखनीजवळच्या एका गावातल्या आनंदाबाईंना हळू बोलणं कधी जमलं नाही, आणि बरंच झालं. त्या तळ्यावरच्या मासेमार सोसायटीच्या अध्यक्ष. या काठावरून ओरडल्या की पलीकडची म्हैस वळून बघते.

मे महिन्यात त्यांची नात गुंजन आणि तिच्या मैत्रिणी कबड्डीचा कप जिंकून आल्या. मिरवणूक रस्त्यावरून काढतील तर शपथ! ती निघाली डोंग्यातून. मधोमध गुंजन कप डोक्यावर धरून नाचली, डोंगा डुलला आणि कप गुडूप.

काठावरची पोरं शर्ट काढायला लागली.

"पान्यात पाय टाकून तं पाहा कोनी, तंगडी मोडीन!"

"आजी, आमचा कप होय ना वो!"

"अन् मासे कोनाचे होय? उद्या विकाचे आहेत."

हट्ट उगाच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात वास येतो म्हणून बाईंनीच दाताळ्यांनी तळ खरवडून घेतला होता. मूर्तींचे रंग, शेतातलं खत-औषध, कुजका पाला, वर्षानुवर्षं गाळात निमूट बसलेलं सगळं पाण्यात मिसळलं. संध्याकाळपर्यंत मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले, अर्धे मेले. मग मत्स्य विभागाच्या मॅडमनी समजावलं, की खाली बसलेली घाण संपलेली नसते. ढवळली की वर येते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

"यंदा बरी अक्कल आली, वहिनी!" सोसायटीचा सेक्रेटरी डोमा खिदळला.

"आली ना! तुमची कवा येते, भाऊ? बांबू आना."

बांबूला आकडा बांधून बाई डोंग्यात पालथ्या झोपल्या. आधी शेवाळ आलं. मग कुणाची तरी चप्पल. शेवटी कपाचा कान अडकला आणि बाईंनी तो इतका अलगद उचलला, की पाणी जराही गढुळलं नाही. कप काळ्या गाळानं भरलेला. पोरी तिथेच विसळायला वाकल्या.

"तळ्यात नाही, बावळ्याहो!"

कप पोटाशी धरून त्यांनी पाळीपलीकडे, बांधाच्या खाली नेऊन उपडा केला. गाळातून बोटभर मांगूर मासा वळवळत निघाला.

"हा तुमचा राखीव खेळाडू!" डोमा म्हणाला. पोरी लोळायच्या बाकी राहिल्या.

सकाळी जाळ्यात रोहू थडाथड उसळले. व्यापाऱ्यानं सगळ्यात मोठ्यावर हात ठेवला.

"थो विकाचा नाही," बाई म्हणाल्या. "खेळनाऱ्या पोरीयचा होय."

दुपारी अख्खी टीम रस्सा ओरपत होती, आणि काटे बघून खा म्हणून बाई प्रत्येकीवर ओरडत होत्या.