नानांची उजवी बाजू

जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्याला आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. रंगाचं काम नवरा बघतो, पत्र्याचं मी. पत्रा मी वडिलांकडून शिकले, आणि फेंडरचं, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचं, काम चांगलं की वाईट हे सांगायला मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून तर गेल्या हिवाळ्यात फैजपूरचा माझा मावसदीर सकाळीच दारात येऊन उभा राहिला. केळीच्या बागा नीट सांभाळणारा माणूस, पण गाडी म्हटलं की हट्टी.

"वहिनी, धुळ्याला एक जुनी गाडी विकायला आहे. चारही फेंडर रुंद केलेत, टायर हे एवढाले. तुम्ही हो म्हणालात तर घेतो."

"अशी गाडी रस्त्यावर आरटीओ अडवतो, माहितीये ना?"

"प्रदर्शनात न्यायची, तीसुद्धा ट्रकवर घालून. एरवी बागेतल्या रस्त्यानं फिरवीन."

निघालो. धुळ्यात मालकाच्या घरी पोचलो तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीचे असतील. सगळे त्यांना नाना म्हणत. आयुष्यभर ट्रकच्या बॉड्या बांधलेला माणूस. गाडी निळी, लख्ख पुसलेली. दीर तर बघूनच विरघळला.

मी आधी मागे जाऊन खाली बसले आणि दोन्ही बाजू एका नजरेत घेतल्या. मग उजव्या बाजूला आले. वरून विजेची तार गेली होती, तिचं प्रतिबिंब रंगात पडलं होतं. चालत गेले तशी ती तार दारावरून फेंडरवर, फेंडरवरून मागे, कुठेही न तुटता सरकत गेली. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं, सगळीकडे सारखं धरलं. म्हणजे खाली पत्राच होता, पुट्टीचे थर नव्हते. चाकाच्या आत हात घातला. कापलेली कड दुमडलेली, वेल्डिंग सलग, वर पाणी अडवणारा सीलर. रंग सगळेच चमकवतात. खरं काम चाकाच्या आत, जिथे कुणी वाकत नाही तिथे असतं.

डावीकडे मात्र तार फेंडरवर येताच वाकडी झाली. चुंबक घसरलं. फायबर होतं. फायबरला माझी हरकत नाही, नीट बसवलं तर टिकतं. पण आतला पत्रा नुसता कापून उघडा सोडलेला, आणि त्याला गंज धरला होता. दाराजवळची फट वर बोटभर, खाली नखाएवढी.

"बठ्ठं पाही लिधं?" नानांनी खुर्चीतूनच अहिराणीत विचारलं.

"सगळं पाहिलं, नाना. दोन बाजू दोन वेगळ्या हातांच्या आहेत. उजवी कुणी केली त्याला नमस्कार. डावी मी काढून टाकीन."

दिरानं माझ्याकडे घाबरून पाहिलं. नाना उठून उभे राहिले. "उजवी मनी शे," म्हणाले. खांद्याचं हाड मोडल्यावर हातोडा उचलेना, म्हणून डावी बाहेरून करून घेतली होती, आणि ती त्यांना कधीच आवडली नव्हती. तिसरा कुणीतरी ते मोठ्यानं बोलला याचंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

पण मी थांबले नाही. "उजवीत एक खोट आहे. पुढचं चाक फेंडरच्या कमानीच्या मधोमध नाही, पुढे सरकलंय."

"माप घे!" नाना गरजले. टेप आला. चाक पुढे होतंच. नानांनी ओठ चावला, मग दिराला जॅक लावायला सांगितलं, दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं. चाक खडखडलं.

"बुश गेलंय. कमान बरोबर शे, चाक चुकलं शे."

मी वाकून पाहिलं. चाकाच्या दांड्यातलं रबरी बुश खरंच झिजलं होतं. "तुमची कमान बरोबर," मी म्हणाले. दोघंही हसलो, आणि मग आतून चहा आला.

दिरानं गाडी घेतली आणि ट्रकवर घालून आमच्याकडे आणली. डावी बाजू मी नव्यानं पत्र्यात केली. उजवीवरून पुठ्ठ्याचे साचे काढले, उलटे करून डावीकडे लावले, आणि पत्रा ठोकत ठोकत त्या वळणावर आणला. काम चाललं असताना नाना एकदा एसटीनं आले. रंग लागायचा होता. आमच्या घरी जेवले, मग फेंडरवर अंगठा फिरवत म्हणाले, की खालची कड अजून किंचित, अर्धा सूत आत घे.

"नाही घेणार, नाना. टायर पूर्ण वळवला की घासेल. बसा, वळवून दाखवते."

मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. त्या दिवशी मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही.

गाडी फैजपूरला पोचली तेव्हा नवीच अडचण निघाली. रुंद झालेली गाडी दिराच्या वाड्याच्या फाटकातून आत जाईना. मावससासूबाईंचा फोन आला, "अगं, तू बाजू मोजल्यास, फाटक कुणी मोजायचं?" दिरानं गवंडी बोलावून एक खांब पाडला आणि बाजूला सरकवून बांधला. गवंड्याचं काम कसं झालंय ते बघायला मला बोलावलं होतं. खांब ओळंब्यात नव्हता, जरा कलला होता. मी तसं सांगितलं.