पेटीला पडलेलं भोक

पंचवीस वर्षं मी कॉलेजात फिजिक्स शिकवतोय. ध्वनीचं प्रकरण तर इतक्या तन्मयतेनं शिकवतो, की मागच्या बाकावरच्यांना गाढ झोप लागते. त्यामुळं गेल्या वर्षी खर्जाचा आवाज काढणारा बारा इंची स्पीकर, म्हणजे सबवूफर आणला, नुसता, लाकडी पेटीशिवाय, तेव्हा पेटी कशी करायची हे मीच ठरवणार, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

वूफर आणला वडिलांसाठी. आबांनी उभं आयुष्य भजनी मंडळात पखवाज वाजवला. आता कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं रेडिओवरचा पखवाज त्यांना टाचणी पडल्यासारखा वाटायचा.

पेटी दोन तऱ्हेची असते. एक चारी बाजूंनी बंद. आवाज थोडा कमी, पण नेटका. दुसरीला भोक ठेवून त्यात नळी बसवतात; आतली हवा त्या नळीतून जोर लावते आणि आवाज दणक्यात वाढतो. मी चार कागद आकडेमोड करून बंद पेटी ठरवली. आमच्या मंगळवार पेठेत एखाद्यानं घराला दार न ठेवायचं ठरवलं असतं, तरी इतकी हळहळ झाली नसती.

शिरोळहून माझा मेव्हणा आला. त्याच्या ट्रॅक्टरवर बसायला जागा नाही, कारण तिथं स्पीकर आहेत. तो म्हणाला, "दाजी, बंद पेटी म्हंजे त्वांड बांधून बोंबलाय लावल्यागत हाय की!"

मी त्याला शास्त्र समजावलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पर भोक पायजेच."

पेठेतल्या सुताराला मी मोजमापाचा कागद दिला, खाली दोन रेघा मारून लिहिलं : कुठेही फट नको. आठ दिवसांनी पेटी घरी आली. काम सुरेख. आणि पुढच्या बाजूला, वूफरच्या खाली, तळहाताएवढं गोल भोक.

"हे काय?"

"सर, तुमी इसरला हुता," सुतार समजुतीच्या सुरात म्हणाला. "हवा जाणार कुठनं? कोंडतंय की आत. त्याचं जादा पैसं न्हाईत."

मग मीच ओशाळून त्याला चहा दिला.

वूफर बसवून पखवाजाची ध्वनिफीत लावली. नळीशिवायचं ते भोक एकच सूर धरून घुमत राहिलं. वाजवणारा विहिरीत पडलाय असं वाटावं. पेटी बघायला पुन्हा आलेल्या मेव्हण्याचा चेहरा मात्र खुलला. तो लगेच शिरोळला गेला आणि संध्याकाळी उसाच्या रानातल्या पाइपचा तुकडा घेऊन परतला. त्यानं तो भोकात ठोकून बसवला. आता आवाज खाली उतरला आणि घरात शिरला. खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरातली ताटं एकमेकांवर वाजायला लागली.

"आत्ता झाला की आवाज!" मेव्हणा.

"अहो, मांडणीवरची वाटी खाली आली," आतून बायको म्हणाली. "आणखी काही पाडायचं असलं तर आधी सांगा, मी काढून ठेवते."

मी पुन्हा कागद काढले. नळी किती लांब हवी, पेटी केवढी हवी, हे मी मांडत होतो आणि मेव्हणा नळीपुढं हात धरून, "वारा बगा दाजी, वारा!" म्हणत होता.

आबा एवढा वेळ पेटीवर तळवा टेकून बसले होते. ते म्हणाले, "थाप मारली का हात उचलाय लागतोय. ह्यो गडी हात उचलतच न्हाय."

मेव्हण्यानं नळीपुढचा हात काढला.

"आन् पखवाजाला भोक आसतंय व्हय रं? दोनी तोंडं बंद आसत्यात, म्हणून त्यो बोलतोय."

मग खांद्यावरचा पंचा काढून, आवाज जुळवायला पखवाजाला कणीक लावायचे तसा अंगठ्यानं दाबत दाबत, त्यांनी तो नळीत गच्च बसवला. "लाव आता."

थाप पडली आणि थांबली. पुढची पडली. मधली शांतता मला पहिल्यांदा ऐकू आली. ताटंही गप्प होती. आबांची बोटं पेटीवर चालायला लागली, एके ठिकाणी ते हसले आणि म्हणाले, "चुकला बग हितं." मी तीनदा ऐकलं, मला चूक सापडली नाही.

त्यांनी केलं ते शास्त्राला धरूनच होतं. भोक बुजवलं की पेटी बंद. हे माझ्या कागदांवर कुठंतरी असायला हवं होतं. सुतार आता गिऱ्हाइकांना सांगतो, की सरांच्या पेटीला भोक ठेवलं म्हणून पंचा बसवता आला. मेव्हण्याच्या मते सगळी करामत पाइपची आहे. तो आला की आबांच्या नकळत पंचा काढतो, आणि काचा वाजल्या की आबांच्या नकळत काही राहत नाही.

मी परवाच स्टाफरूममध्ये या विषयावर अर्धा तास बोललो. फळ्यावर आकृती काढली, पंच्याला 'शोषक पदार्थ' म्हटलं. आबांचा उल्लेख करायचा राहून गेला.