म्हसोबाला धड कोंबडा हवा

आमच्या शेजारी गावाचा पुढारी राहतो. सगळे त्याला आण्णा म्हणतात, निदान तोंडावर तरी. अंगणात चकचकीत फरशी, फाटकाशी पांढरी गाडी, अकलेच्या नावानं मात्र बोंब. आमच्या कोंबड्या भिंत ओलांडून त्या गाडीच्या टपावर बसायच्या आणि जे करायचं ते करायच्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही. एके सकाळी तो भिंतीवरून ओरडला, "ह्यांचे पंख कापा, न्हाईतर आमच्या बोअरचं पाणी बंद झालं समजा."

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी येतं ते त्याच्याच बोअरचं. नवरा लगेच कात्री घेऊन उठला. पंख कापले की कोंबडी उडत नाही, हे खरं. पण आमच्याकडे खुराडं नाही. दिवस मावळला की कोंबड्या उडून कडुलिंबावर चढतात, म्हणून मुंगसापासून आणि कुत्र्यांपासून वाचतात. खुराडं बांधा म्हणून मी लग्न झाल्यापासून सांगतेय. त्यासाठी याचा हात कधी उठला नाही, आण्णांसाठी उठला.

"कोंबड्यांचं काय ते मी ठरवीन," मी म्हणाले. तर यानं कोंबडा धरला, आण्णांच्या ओट्यावर नेला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एका पंखाची पिसं छाटली. एवढी मर्दुमकी मी त्याच्यात पहिल्यांदाच पाहिली. संध्याकाळी कोंबड्या झाडावर गेल्या आणि कोंबडा बुंध्याशी नुसता धडपडत राहिला. मी त्याला घरात आणून डालग्याखाली झाकलं. अंगाचा तिळपापड झाला होता, तरी पाण्याची भीती होतीच. लांबच्या आडावरून हंडे आणणं मी विसरले नव्हते.

त्याच आठवड्यात आण्णा स्वतः आमच्या दारात. निवडून आलो तर म्हसोबाला कोंबडा देईन असा त्याचा नवस होता, तो आता फेडायचा होता, आणि आमच्यासारखा तुरेबाज कोंबडा वस्तीत दुसरा नव्हता. त्यानं तुरा पाहिला, नख्या पाहिल्या, पंख उलगडला, तेव्हा कुठं त्याला ती कात्री आठवली आणि तोंड उतरलं. नवसाचं जनावर अंगानं धड लागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"ह्यो कापायला कुणी सांगितलं बे?" तो नवऱ्यावर डाफरला.

"तुमीच म्हणले हुते, आण्णा," नवरा जमिनीकडे पाहत म्हणाला. "येतील की पिसं परत."

"खोट असलेलं देवाला चालत न्हाई, कळत न्हाई का?"

मला राहवेना. "देवाला धड लागतंय, आन् आमाला कापलेलं चालतंय व्हय, आण्णा?"

"बायको लई बोलाया लागली तुझी," असं नवऱ्याला सुनावून तो निघून गेला. मी कात्री पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. कोंबड्यांच्या पंखांना हात लागणार नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पाणी बंद झालं.

"आता पाण्याचं काय?" नवऱ्यानं विचारलं.

मी रिकामा हंडा त्याच्या हातात दिला.