पस्तीस अँपिअरचा उजेड

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीला वीज बनवायला अल्टरनेटर होता. कलकत्त्यातल्या ज्या दोन-चार मराठी माणसांकडे तेव्हा गाड्या होत्या, त्या गाड्यांना साधा, जुन्या पद्धतीचा डायनामो असे. अध्यक्ष एका सरकारी कंपनीत मोठे अधिकारी. परदेशातली नेमणूक संपवून येताना त्यांनी ही गाडी बोटीने आणली होती. गाडी जुनी झाली, अल्टरनेटरचं कौतुक जुनं झालं नाही. ‘पस्तीस अँपिअर’ असं ते म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्याने जरा अदबीने उभं राहावं अशी अपेक्षा असे.

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत लोडशेडिंग रोजचंच होतं. गणेशोत्सवातल्या नाटकाला लाइट जाणार हे धरूनच समितीची बैठक झाली. कोणी गॅसबत्त्या आणू म्हणालं. अध्यक्षांना ते खेडवळ वाटलं. त्यांची योजना तयार होती: गाडी हॉलमागच्या गल्लीत उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, गाडीतून तारा ओढून मोटारीचे सुटे दिवे रंगमंचावर बांबूला बांधायचे आणि लाउडस्पीकरही त्याच तारांवर चालवायचा. गाडी उभी असतानाही पस्तीस अँपिअर मिळतात का, असं मी विचारलं. गाडीच्या कंपनीने तसं छापलं आहे, असं उत्तर मिळालं. छापलेल्या गोष्टीवर शंका घेणं त्यांच्या खात्यात बसत नसावं. दिवे मात्र मीच हावड्याच्या एका वर्कशॉपमधून आणून दिले.

नाटकाची नायिका कलकत्त्यातच जन्मलेली, एका बंगाली शाळेत शिकवणारी. मराठी तिला घरात बोलण्यापुरतं. संवाद तिने बंगाली लिपीत उतरवून पाठ केले होते आणि घाईत बोलताना तिच्या ‘स’चा ‘श’ होई. पुण्याहून बदलीवर आलेल्या साहेबांच्या बायका तिची नक्कल करत, तीही पुरेशा हळू आवाजात नव्हे. शेवटच्या अंकात तिला एक लांब स्वगत होतं. ते कापावं असं समितीने सुचवलं, तेव्हा तिने सांगितलं की तेवढ्यासाठीच ती नाटकात आली आहे. त्या लोकांसमोर सलग, न अडखळता, अख्खं स्वगत म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या अंकात लाइट गेली. गल्लीत इंजिन सुरू झालं, बांबूवरचे दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी उभं राहून त्या स्वीकारल्या.

तिसऱ्या, शेवटच्या अंकापर्यंत उजेड पिवळा पडला होता. अशात विंगेतून कोणीतरी नायकाला हाक मारली. तो मागच्या दाराशी सिगारेट ओढत होता, तिथूनच तो ओरडला, “आलो, आलो!” गाडीत बसलेला ड्रायव्हर कलकत्त्याजवळच्या बजबज गावचा बंगाली, त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. बंगालीत ‘आलो’ म्हणजे उजेड. त्याने तत्परतेने गाडीचे पुढचे दोन्ही दिवे लावले. गल्लीतली भिंत झगझगीत उजळली आणि रंगमंचावरचे दिवे पेटत्या विडीसारखे लाल झाले. आत गोंधळ उडाला, पुन्हा हाक गेली, नायकाने पुन्हा “अरे आलो!” म्हटलं आणि ड्रायव्हरने दिवे आणखी प्रखर केले.

काय घडतंय ते फक्त नायिकेला कळलं. तिने विंगेतून मागच्या दाराशी जाऊन ड्रायव्हरला बंगालीत दिवे बंद करायला सांगितले. ते बंद झाले, पण बांबूवरचा उजेड परतला नाही. पस्तीस अँपिअर हा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा होता. गाडी नुसती उभी राहून घुरघुरते तेव्हा अल्टरनेटर त्याच्या पाव हिश्शालाही येत नाही. तूट बॅटरी भरून काढत होती आणि आता तीही थकली होती. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. उजेड वाढला, पण इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येईना. पाय काढला की शब्द ऐकू येत, चेहरे दिसत नसत.

अध्यक्षांचा निर्णय झटपट झाला. लोकांना दिसलं पाहिजे. गोष्ट काय, सगळ्यांना माहीतच आहे.

“मला दिसायचं नाहीये, शाहेब,” ती म्हणाली. “बोलायचंय.”

तिने इंजिन बंद करायला लावलं. लाउडस्पीकरची तार मी काढली आणि एक सोडून सगळे दिवेही. बॅटरीत उरलं होतं ते एका दिव्याच्या वाट्याला आलं.

ती पुढे आली. मागच्या लोकांनी खुर्च्या ओढत जवळ आणल्या. त्यात बराच वेळ गेला आणि ती थांबून राहिली. मग तिने सुरुवात केली. घाई नव्हती, त्यामुळे ‘स’ जागच्या जागी पडत होते, एक-दोन निसटले. मध्येच एका ठिकाणी ती विसरली. प्रॉम्प्टरला अंधारात वही दिसत नव्हती. मग तिने स्वतःचंच एक वाक्य घातलं, थोडं बंगाली वळणाचं, आणि पुढे गेली. नाटककाराच्या वाक्यापेक्षा ते वाईट नव्हतं. पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या बायकांपैकी कोणी हसलं नाही.

स्वगत संपायच्या जरा आधी तोही दिवा विझला. ती बोलत राहिली. बोलणं थांबल्यावर हॉलमध्ये सगळे तसेच बसून राहिले, कारण स्वगत संपलं की ती पुन्हा विसरली हे अंधारात कोणाला समजेना. शेवटी तिनेच सांगितलं, “झालं.”